घड्याळजीचा ऑर्गन

बदलीच्या नोकरीत माणसाचे घर बदलते, शेजार बदलतो, मुलांच्या शाळा बदलतात. तरीही ट्रकवर सर्वांत शेवटी चढवली जाणारी आणि नव्या गावी सर्वांत आधी उतरवली जाणारी एक वस्तू पुष्कळ मराठी घरांत असते, ती म्हणजे पेटी. तिची मोठी बहीण एका सरकारी वसाहतीत आमच्या शेजारी येऊन राहिली होती. तिच्यामुळेच आज हा लेख लिहिण्याचा योग येत आहे.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तरेकडील एका शहरात आमचे शेजारी अमेरिकेतील काही वर्षांचा मुक्काम आटोपून परतले, ते एक विजेवर चालणारा जुना ऑर्गन घेऊन. दोन मजली पट्ट्या, पायाखाली खर्जाच्या लाकडी पट्ट्या, वर ओढण्या-ढकलण्याच्या लहान दांड्या. तिकडच्या विजेचा दाब आपल्याहून कमी, म्हणून मध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवला. ऑर्गन उत्तम बोलू लागला. पण सगळे स्वर तीन पायर्‍यांनी उतरलेले! पांढरी एक दाबावी, तर खालच्या सप्तकातली पांढरी सहा ऐकू यावी. मुलाने तिकडे नोटेशनवरून धडे घेतले होते. त्याला तर हे वाद्य असह्यच झाले. कोणी म्हणाले, प्रवासात काही निखळले असावे. कोणी म्हणाले, त्याला इकडची हवा मानवली नाही.

शेजार्‍यांच्या मातोश्री तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. त्या आयुष्यभर पेटी वाजवीत आल्या होत्या, आणि तीही कोणापाशी न शिकता, ऐकून बसवलेली. त्या ऑर्गनपुढे बसल्या, दोन-चार पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, बिघडलंय कुठे? सा जरा सरकलाय, इतकंच." त्यांचा गळा काळी पाचचा. त्यांनी वरच्या सप्तकातली काळी एक सा म्हणून धरली आणि सरळ एक भूपाळी वाजवून दाखवली. नोटेशन जाणणार्‍यास जे वाद्य मोडलेले वाटले, ते कानाने वाजवणार्‍यास शाबूत होते.

तो सा का सरकला, याचे उत्तर आम्हांस पुष्कळ वर्षांनी मिळाले. ते संगीताच्या पुस्तकात नव्हते. ते एका घड्याळजीच्या चरित्रात होते.

त्या घड्याळजीचे नाव लॉरेन्स हॅमंड. जन्म १८९५, शिकागोनजीकच्या इव्हॅन्स्टन येथे. कॉर्नेल विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकून, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैन्यात काम करून तो परत आला आणि शोधांच्या मागे लागला. टिकटिक न करणारे घड्याळ त्याने काढले. पुढे विजेच्या प्रवाहाच्या आवर्तनांशी पाऊल जुळवून फिरणारी मोटार तयार केली आणि १९२८ साली घड्याळांचा कारखाना घातला. अमेरिकेतील विजेचा प्रवाह सेकंदास साठ आवर्तने करतो. वीजकेंद्राने ती साठच राखली, की घड्याळ आपोआप बिनचूक चालते. मात्र या मोटारीस स्वतःहून सुरू होता येत नसे. घड्याळ प्रथम हाताने फिरवून द्यावे लागे.

मग मंदीची लाट आली आणि घड्याळे खपेनाशी झाली. कारखाना जगवण्यासाठी हॅमंडने १९३२ साली पत्ते आपोआप वाटणारे ब्रिजचे टेबलही काढले. पण त्यावर कारखाना किती दिवस चालणार? त्याच सुमारास या अचूक फिरणार्‍या मोटारीपासून स्वर काढता येईल, असे त्याच्या मनात आले. गंमत अशी, की त्यास स्वतःस ऑर्गन वाजवता येत नव्हता. एक जुना पियानो आणून त्याने बाकी सर्व भाग काढून टाकले, केवळ पट्ट्या ठेवल्या आणि प्रयोग मांडले. एप्रिल १९३४ मध्ये एकस्व मिळाले. एप्रिल १९३५ मध्ये हॅमंड ऑर्गन लोकांपुढे आला. पहिल्या ग्राहकांत जॉर्ज गर्शविन या विख्यात संगीतकाराचे नाव आहे.

कल्पना मात्र सर्वस्वी नवी नव्हती. थॅडियस केहिल नावाच्या अमेरिकनाने १८९७ सालीच अशा वाद्याचे एकस्व मिळवले होते आणि १९०६ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचे प्रचंड यंत्र गाऊही लागले होते. त्याचे वजन सुमारे दोनशे टन! ध्वनिवर्धक तेव्हा नव्हता, म्हणून स्वर ऐकू येण्याइतकी वीज अजस्र जनित्रांतूनच निर्माण करावी लागे आणि टेलिफोनच्या तारांतून ती घरोघर पाठवावी लागे. अल्पावधीतच तो उद्योग बुडाला. मधल्या काळात निर्वात नळीचा वर्धक आला, आणि जे काम दोनशे टनांच्या यंत्राने होत असे ते दिवाणखान्यातल्या एका कपाटात मावू लागले.

या कपाटात असते तरी काय? दातेरी चाकांनी फिरणार्‍या पोलादाच्या लहान लहान चकत्या, पूर्ण आकाराच्या ऑर्गनात एक्याण्णव. प्रत्येक चकतीच्या कडेला उंचवटे: काहींना दोन, काहींना चार, आठ, सोळा, असे दुपटीने वाढत एकशे अठ्ठावीस आणि शेवटच्या काहींना एकशे ब्याण्णव. चकतीपाशी तारेचे वेटोळे घातलेला एक लोहचुंबकाचा दांडा. उंचवटा समोरून गेला, की वेटोळ्यात विजेची एक बारीक लाट उठते. सेकंदास जितके उंचवटे, तितकी स्वराची कंपने. मोटार सेकंदास वीस फेरे घेते. दातेरी चाकांच्या एका जोडीने त्याचे साडेसत्तावीस होतात. सोळा उंचवट्यांची चकती त्यावर फिरली, की साडेसत्तावीस गुणिले सोळा म्हणजे बरोबर चारशे चाळीस, अर्थात जगभरच्या वाद्यवृंदांनी मानलेली पांढरी सहा. हे वाद्य कधी बेसूर होत नाही. त्याचा सूर वीजकेंद्राच्या हाती असतो.

आणि येथेच आमच्या शेजार्‍यांच्या कोड्याचा उलगडा आहे. आपल्याकडे विजेची आवर्तने सेकंदास पन्नास. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब बदलतो, आवर्तने बदलत नाही. साठावर चालण्यासाठी बनवलेली मोटार पन्नासावर लावली, की वीस फेर्‍यांऐवजी सोळा-सतराच घेते आणि सबंध वाद्य तीन अर्धस्वरांहून किंचित अधिक उतरते. बनवणार्‍याचा दोष नाही, आणणार्‍याचा तर नाहीच. ते वाद्य अमेरिकेचे घड्याळ होते आणि हिंदुस्थानात येऊन मागे पडले होते!

घड्याळजीची खूण त्या ऑर्गनात आणखी एके ठिकाणी होती. तो एका बटणाने सुरू होत नसे. आधी एक बटण सात-आठ सेकंद दाबून धरायचे. आत घुमघुम वाढत जाते. मग दुसरे बटण लावायचे आणि पहिले सोडायचे. हाताने फिरवून द्यावे लागणारे ते जुने घड्याळ येथे निराळ्या रूपाने टिकून राहिले होते. शेजार्‍यांची दहा वर्षांची मुलगी ते आठ सेकंद मोठ्याने मोजत असे, आणि घरातील मंडळी आपोआप दिवाणखान्यात जमत. देवघरात निरांजन लागावे तसा तो क्षण असे.

आता त्या दांड्यांविषयी. प्रत्येक संचात नऊ. तंबोर्‍यापाशी लक्षपूर्वक बसलेल्या वाचकांस त्यांचे मर्म चटकन कळेल. षड्जाची तार छेडली असता केवळ षड्ज ऐकू येत नाही. त्यातून वरचा षड्ज, मग पंचम, आणि कान तयार असेल तर स्वयंभू गांधारही उमटतो. हॅमंडच्या दांड्या म्हणजे हेच अंतर्गत स्वर वेगवेगळे करून ठेवलेले. एक दांडी मूळ स्वराची, एक तारसप्तकाची, एक त्यावरील पंचमाची, एक गांधाराची. कोणती किती ओढायची, एक ते आठ, ते वाजवणार्‍याने ठरवावे. पंचमाची दांडी पुढे ओढली, की बासरीचा आवाज नाकातून येऊ लागतो. सगळ्या ओढल्या, की देवळाचा घुमट भरल्यासारखा होतो. मातोश्रींनी गांधाराची दांडी ओढून लगेच परत ढकलली आणि म्हणाल्या, "हा गांधार तंबोर्‍याचा नव्हे. जरा चढा आहे." आणि ते अक्षरशः खरे होते. हॅमंडने हा गांधार निराळा निर्माण केलेला नाही. त्याच्या सप्तकातील बारा समान स्वरांतून तो उसना घेतलेला आहे, आणि समान सप्तकातील गांधार स्वयंभू गांधाराहून चढाच असतो. या सिद्धान्तापर्यंत येण्यास आम्हांस दोन ग्रंथ वाचावे लागले. त्यांना एक श्वास पुरला.

पण या वाद्यास ऑर्गन म्हणावे की नाही, हाच वाद प्रथम उभा राहिला. युरोप-अमेरिकेत ऑर्गन म्हणजे चर्चच्या भिंतीएवढा, हजारो नळ्यांचा. एका कपाटाने ते नाव घ्यावे, हे नळ्यांचे ऑर्गन बांधणार्‍यांस कसे सहन व्हावे? १९३६ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने हॅमंडच्या जाहिरातींविरुद्ध तक्रार दाखल केली. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे आयुष्य फायलींत गेलेले असल्याने, एखाद्या वस्तूचे नाव ठरवण्यासाठी सरकारी चौकशी बसते, याचे त्यांस नवल वाटू नये. नवल आहे ते पुराव्याचे. शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये पाऊण लाख डॉलर किमतीचा नळ्यांचा ऑर्गन होता. तेथेच सुमारे सव्वीसशे डॉलरांचा हॅमंड बसवला आणि आळीपाळीने दोन्ही वाजवून, आता कोणता वाजला हे ऐकणार्‍यांनी सांगावे, असे ठरले. विद्यार्थ्यांची उत्तरे जवळजवळ निम्मी चुकली, म्हणजे नाणे उडवून सांगितल्यासारखी. जाणकार वादकांचीही सुमारे एक तृतीयांश चुकली. १९३८ साली आयोगाने निर्णय दिला, तो असा: मोठ्या ऑर्गनाची बरोबरी करतो असा दावा करू नये, पण ऑर्गन हे नाव घेण्यास प्रत्यवाय नाही.

हे वाचताना आम्हांस राहून राहून आपल्या पेटीची आठवण झाली. तीही मूळची परदेशीच. पॅरिसच्या देबेनने १८४० च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केला. अमेरिकेत त्याच जातीचा, पण हवा आत ओढून वाजणारा पायपेटीचा ऑर्गन घरोघर शिरला. इकडे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी गेल्याच्या आधीच्या शतकाच्या उत्तरार्धात भाता मागे नेऊन ती हाताची केली, आणि मांडी घालून बसणार्‍या देशास ती मानवली. महाराष्ट्रात तर तिने रंगभूमीच जिंकली. 'मानापमान' (१९११) नाटकास चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे असामान्य वादक होते; बालगंधर्वांच्या गाण्यामागे सारंगी-तबल्याच्या जोडीने पायाने वाजणारा ऑर्गन भरत असे. तरीही १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केले. ते दार किंचित उघडण्यास १९७१ साल उजाडले. आक्षेप खोटा नव्हता. ठरावीक बारा स्वरांच्या पेटीस मींड येत नाही, श्रुती सापडत नाहीत. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांनाही ती रुचत नव्हती. परंतु त्या तीस वर्षांत कोणत्या घरातली पेटी थांबली? हुकूम स्टुडिओपर्यंतच चालला. अमेरिकेच्या आयोगाने एका वाद्यास नाव दिले, दिल्लीच्या कचेरीने दुसर्‍याचे काढून घेतले. आणि दोन्हीकडे निकाल अखेर दिवाणखान्यातच लागला.

त्या दिवाणखान्याचा इतिहास आता पाहू. दुसर्‍या महायुद्धानंतर अमेरिकेत नवी घरे उठली, हाती पैसा आला, आणि चर्चसाठी निघालेला ऑर्गन घरात शिरला. रेडिओवरील कौटुंबिक नाट्यमालिकांमागे तोच वाजत असे, त्यामुळे त्याचा आवाज गृहिणींच्या ओळखीचा होता. एथेल स्मिथ या वादिकेने १९४४ च्या 'बेदिंग ब्यूटी' चित्रपटात तो वाजवून देशास वेड लावले. हॅमंडने घरासाठी लहान ऑर्गन काढले, बॉल्डविन, वुर्लिट्झर, लोरी, कॉन, थॉमस असे कितीतरी कारखाने स्पर्धेत उतरले. १९५० साली हॅमंडनेच एक असा ऑर्गन काढला, की उजव्या हाताने एका बोटाने चाल वाजवावी आणि डाव्या हाताने एक बटण दाबावे, म्हणजे सबंध स्वरसंगती आपोआप उमटे. थॉमसने पट्ट्यांमागे रंगीत दिवे लावले. १९५७ साली गुलब्रॅन्सनने निर्वात नळ्या काढून ट्रान्झिस्टर घातले. १९५९ साली वुर्लिट्झरने आपोआप ताल धरणारी पेटी आणली, आणि त्याच वर्षी जपानात यामाहाचा पहिला इलेक्टोन निघाला. या यामाहाचा मूळ पुरुषही १८८७ साली हामामात्सू येथील एका शाळेतली बिघडलेली पायपेटी दुरुस्त करूनच या धंद्यात आला होता.

या सोयींविषयी मते दोन आहेत. एक मत असे, की बटणाने सूर आणि यंत्राने ताल मिळाला, की माणूस आळशी होतो. हे मत आम्हांस सहजी झटकून टाकता येत नाही. परंतु दुसरी बाजूही आहे. दिवसभर कचेरीत किंवा कारखान्यात राबून आलेला, एकही धडा न घेतलेला मनुष्य रात्री जेवणानंतर ऑर्गनपाशी बसतो. लहानपणी ऐकलेली चाल एका बोटाने चाचपडत शोधतो. तीनदा चुकतो, चौथ्यांदा पट्टी सापडते. त्या चौथ्या खेपेचा आनंद कोणत्याही यंत्राने त्यास दिलेला नसतो. चाल त्याच्या कानात होती. ती बोटात उतरली, इतकेच. कानाने वाजवणे याचा अर्थ आमच्या मते अडाणीपणाने वाजवणे असा नव्हे. एक स्वर दुसर्‍यापासून किती दूर आहे, याची आठवण, हेच त्याचे शास्त्र. म्हणूनच सा कोठेही सरकला तरी ते चुकत नाही.

आणि यंत्रापुढे कान जातो, याची साक्ष खुद्द हॅमंडच्या इतिहासात आहे. पट्टी दाबताच या ऑर्गनातून एक बारीक 'टक' असा आवाज येई. अभियंत्यांस तो दोष वाटे. तो घालवण्यासाठी त्यांनी खटपट केली. परंतु जॅझ वाजवणार्‍यांच्या कानास तोच टकटकाट गोड लागला, जणू तबल्याची चाटीच. फिलाडेल्फियानजीकचा जिमी स्मिथ मूळचा पियानोवाला. ऑर्गन घेऊन एका गोदामात एकटाच बसून त्याने आपली पद्धत स्वतः शोधली आणि १९५६ पासून त्याच्या ध्वनिमुद्रिकांनी या वाद्याचे रूपच पालटले. तसेच डॉन लेस्लीचे. हॅमंडचा आवाज घरात सपाट वाटतो, म्हणून त्याने फिरत्या कर्ण्याचा ध्वनिवर्धक १९४० च्या सुमारास तयार केला. हॅमंडने तो नाकारला. आज त्या फिरत्या कर्ण्यावाचून हॅमंडची कल्पनाही कोणी करीत नाही. तात्पर्य, वाद्य घडवणार्‍यास त्याचा आवाज ठाऊक असतोच असे नाही. तो ऐकणारा ठरवतो.

मुंबईतही एक अशीच गोष्ट घडली. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी सार्‍या देशाने ऐकली; कित्येकांस ती खर्‍या गारुड्याचीच वाटली. वस्तुतः ती पुंगी नव्हतीच. पुढे संगीतकार म्हणून गाजलेले कल्याणजी यांनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या लहानशा वाद्यावर ती काढली होती. पट्ट्यांतून सापाची वळणे काढायची, तर आधी ती कानात असावी लागतात.

या वाद्यांचा अस्तही लवकर झाला. चकत्यांचे ऑर्गन बनवणे हॅमंडने १९७५ च्या सुमारास थांबवले. मूळ शोधक १९७३ सालीच निवर्तला होता. १९८० मध्ये कॅसिओची पहिली पेटी निघाली, काखेत मारून नेता येईल इतकी हलकी, आणि चारशे पौंडांचे फर्निचर कोणास नकोसे झाले. अमेरिकेत आज जुने घरगुती ऑर्गन उचलून नेण्याच्या बोलीवर फुकट मिळतात. मात्र फिरत्या चकत्यांचे जाणकार अजून आहेत. ते वर्षास एकदा तेल घालतात, पट्ट्या पुसतात आणि आठ सेकंद मोजतात.

आमच्या शेजार्‍यांची पुढे बदली झाली. ऑर्गन चौघांनी उचलून ट्रकवर चढवला. एका कारागिराने मोटारीची व्यवस्था बदलून सूर मूळ जागी आणून देतो असे सांगितले होते. मातोश्रींनी नको म्हटले. "माझी बोटं आता इथं बसली आहेत." त्यांची नात त्यांच्या शेजारी बसून तशीच वाजवू लागली होती, काळी एकचा सा धरून. त्या मुलीच्या शाळेत मराठी नव्हते. घरी मराठी बोलत, पण दरवर्षी त्यात चार हिंदी शब्द अधिक मिसळत. तिला अभंगांचे अर्थ विचारले तर अडखळे. चाली मात्र एकही चुकत नसे. परप्रांतात वाढणार्‍या मुलांच्या मराठीविषयी आपण सारेच चिंता करतो, आणि ती योग्यच आहे. परंतु भाषा कधीकधी आधी कानातून येते आणि शब्द मागाहून तिच्यापाशी पोहोचतात, हे आम्ही त्या घरात पाहिले.

मातोश्री आता नाहीत. नात अमेरिकेत असते. मध्यंतरी तिनेही त्याच जातीचा एक जुना ऑर्गन कोणाच्या तरी तळघरातून फुकट आणला, आणि वडिलांस फोन केला. आजीची भूपाळी नेहमीच्या काळी एकवरून वाजवू लागली, तर सूर तीन पायर्‍या वर गेला आणि तिचा गळा पोहोचेना. वाद्य बिघडले आहे काय, असे तिला वाटले. तेथे वीज साठ आवर्तनांची. वाद्य आता आपल्या घरी होते आणि खरा सूर बोलत होते. वडील तिला घड्याळाची सारी कथा सांगण्याच्या बेतात होते. तेवढ्यात पलीकडून तीच म्हणाली, "थांबा बाबा, सा सरकलाय, इतकंच." आणि तिने खालची काळी पाच धरली.